क्रेन चालवू नये

भनपुरी, रायपूर
११ नोव्हेंबर २०१८

प्रिय इंद्रजीत,

जय भीम.

तुहा पत्ता तुह्या दोस्ताकडून, गजभियेकडून मिळाला. त्याच्यावर रागावू नको, मीच तीनदा फोन करून त्याले भंडावून सोडलं. तो तुहा नंबरही देत होता, मी घेतला नाई. माहा आवाज ऐकून तू फोन ठेवून दिला असता. कागद निदान उघडून तरी पाहशील.

मराठी लिहायची सवय गेली आहे, चुका होतील. पण हिंदीत मले फक्त अर्ज लिहिता येतात.

इकडचं सांगतो. मले रिटायर होऊन दोन वर्षं झाली. तुही वहिनी शेवंता बरी आहे, फक्त गुडघे धरून बसते. रीना आता चोवीसची झाली. नव्या रायपूरले मंत्रालयात कम्प्यूटरवर काम करते, स्कूटीनं जाते-येते. दुर्गच्या रामटेकेंकडे तिचं जमलं आहे, एप्रिलमध्ये लग्न आहे. पोरगा बिजलीच्या खात्यात आहे. घर चांगलं आहे.

पत्राचं कारण वेगळं आहे. मॅनेजर साहेबावरची जुनी केस आता पुढं सरकली. नऊ वर्षांत किती जज बदलले कोणास ठाऊक. आठ जानेवारीले माही साक्ष आहे, समन्स आलं. साहेबाचा वकील घरी येऊन गेला. खाटेवर बसला, शेवंतानं केलेला चहा प्यायला, आणि जाताना म्हणे, "जो पहले लिखकर दिया था, वही बोल देना चाचा. पाँच मिनट का काम है."

मी काय लिहून दिलं होतं ते तुले माहीतच आहे. क्रेनचा ब्रेक पाहायचं काम फिटरचं, म्हणजे तुहं होतं. तू तो न पाहता, कोणाले न सांगता सकाळीच घरी निघून गेला. आणि म्हणून दुपारी वितळल्या लोखंडाची बाल्टी पडली. पांडुरंग आणि बिसाहू गेले.

इंद्रजीत, त्या वेळी रजिस्टरात तुही नोंद सापडली नाई. नोंदच नसली तर मी काय म्हणणार होतो? सगळे विचारून राहिले होते. माह्या डोक्यात काही राहिलं नव्हतं.

आता काय करावं म्हणतो तू? तेवढं कळव. पोस्टकार्ड टाकलं तरी चालते.

तुहा भाऊ
नत्थू


२३ नोव्हेंबर २०१८

प्रिय इंद्रजीत,

तुहं उत्तर आलं नाई. पत्र पोचलं नसेल असं शेवंता म्हणते. मले वाटते पोचलं.

काल तात्यापाऱ्यात गेलो होतो, शेवंताच्या गुडघ्याचं तेल आणायले. तिथं प्रेमलावहिनी भेटल्या, पांडुरंगच्या. साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्या साडीले फॉल लावतात. त्याच गल्लीत एक खोली किरायानं घेतली आहे. चष्मा लागला आहे. मी लांबूनच परत फिरणार होतो, पण त्यांनी पाहिलं.

"नत्थूभाऊ, बसा नं. पाणी देऊ?"

मी बसलो. त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं. त्यांलेही कोर्टाची तारीख कळली आहे.

"सगळं नीट सांगा कोर्टात," त्या म्हणाल्या. "भाऊ आहे म्हणून जिभेले आवर घालू नका. साहेब तर साहेबच होता, त्याले आपल्या माणसांचं काय? पण तो पोट्टा आपला होता. माह्या हातची भाकर खाल्ली त्यानं. एक शब्द सांगून गेला असता तर हे उभे राहिले नसते तिथं." सुई थांबली नाई त्यांची. "मी सकाळी उठली की पहिले त्याले शिव्या घालते, मग चूल पेटवते. नऊ वर्षं झाली."

मी पाणी प्यायलो, बाटली परत दिली आणि तेल न घेताच घरी आलो.

आणखी एक सांगायचं राहून गेलं आहे. आई गेली तेव्हा तू आला होता. मसणाच्या फाटकापाशी उभा होता. मी चितेपाशून पाहिलं, पण लोकं होते. नंतर फाटकाकडे आलो तर तू नव्हता. शेवटच्या महिन्यात आईनं मले दोनदा विचारलं होतं. एकदा दवाखान्यात, एकदा घरी. "इंद्रजीतनं खरंच काही सांगतलं नव्हतं का रे?" मी नाई म्हटलं. दोन्ही वेळा. दुसऱ्या वेळी तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिले पटलं होतं की नाई, मले माहीत नाई. तुहं नाव मात्र तिनं मग काढलं नाई.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की माह्या डोक्यात काही राहिलं नव्हतं. ते खरं नाई. माहं डोकं त्या दिवशी चांगलं चालून राहिलं होतं.

नत्थू


६ डिसेंबर २०१८

प्रिय इंद्रजीत,

आज संध्याकाळी पुतळ्यापाशी मेणबत्ती लावून आलो. रायपूरचे आपले सगळे लोकं होते. गुलाबराव भेटले, आपल्या कारखान्यातले, फर्नेसवरचे. त्यांनी विचारलं, "इंद्रजीत कुठी आहे आजकाल?" मी म्हटलं, वरोऱ्याले, पंप दुरुस्त करते. "तो हुशार होता," म्हणे. घरी येऊन लगेच लिहायले बसलो.

तो दिवस मी कोणापाशीच पूर्ण बोललो नाई. तुले सकाळ माहीत आहे, दुपार नाई. सकाळही लिहितो, कारण तुह्या डोक्यात ती कशी आहे ते मले माहीत नाई.

सतरा मार्च, मंगळवार. तू क्रेनवरून खाली उतरला, हात पुसले आणि रजिस्टरात लिहिलं. मग मॅनेजर साहेबाकडे गेला. तिकडून आला तो थेट शिडीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. मी पायरीवर पाय ठेवणार, तर तू आडवा हात धरला.

"भाऊ, वर जाऊ नको. ब्रेक धरून नाई राहिला. रिकामा हूक सरकते, भरल्या बाल्टीले काय धरेल?"

"साहेब रविवारी बदलू म्हणतात," मी म्हटलं.

"मग रविवारी चढ."

सगळे हसले. पांडुरंग म्हणे, "काहून रे इंद्रजीत, लग्नात पोरीवाले दार अडवतात तसा उभा आहे! काही नेग पाहिजे का?" अजून हसले. तू हसला नाई. हातही काढला नाई. तुहे कान लाल झाले होते. आणि मी तुले मारलं. तोंडावर. तेहतीस वर्षांच्या माणसाले, शिफ्टच्या सगळ्या लोकांसमोर. "डरपोक," म्हटलं. "तुले इथं लावलं हीच माही चूक."

तू पाना खाली ठेवला. फेकला नाई, ठेवला. आणि गेटाकडे निघून गेला.

आता तुले माहीत नाई ते. ब्रेक सरकते हे मले तुह्याआधी चार दिवसांपासून माहीत होतं. हँडल सोडलं की बाल्टी थांबायच्या ऐवजी हातभर खाली येई. मी काय करो, हँडल पूर्ण सोडायचोच नाई. जराशी उलटी चाल देऊन ती हवेत धरून ठेवो. दहा टनाची आग एका बोटावर. मले त्याची मजा वाटे, इंद्रजीत. एकदा तर पांडुरंगले इशारा करून दाखवलं, पाह्य, ब्रेक नसला तरी नत्थूचा हात आहे. चौदा वर्षं क्रेनवर होतो. एकदाही सांडली नव्हती. चौदा वर्षं काही झालं नाई की माणसाले वाटते, आपल्या हातामुळंच सगळं टळलं.

लोकं कसे राहत होते तिथं, आठवते का तुले? बिसाहू फर्नेसपाशी जायच्या आधी जमिनीले हात लावून कपाळाले लावे. पांडुरंग जोक करे. गुलाबराव तर बोलतच नसत, शिफ्ट सुटेपर्यंत एक शब्द नाई. मी वरून सगळे पाहो. प्रत्येकाची काही ना काही युक्ती होती, त्या आगीकडे न पाहायची. पाहिलं फक्त तू. आम्ही त्याले भीती म्हटलं.

दुपारी चार-सव्वाचार झाले होते. तिसरी बाल्टी भरली होती. मी उचलून पुढं आणली, खाली पांडुरंग हात वर करून इशारा देऊन राहिला होता, थोडं पुढं, थोडं पुढं. बिसाहूची पाठ होती. आणि लाइट गेली. एक क्षणभर, जशी भनपुरीत रोज जाते. पंखा थांबेपर्यंत परत येते, तशी. पण लाइट गेली की हँडलात काही राहत नाई. माह्या हातात नुसतं लोखंड राहिलं. मग धरणारा फक्त ब्रेक होता.

बाल्टीची कड चबुतऱ्यावर आपटली आणि ती कलंडली. खाली जमीन ओली होती, आणि पाण्यावर वितळलं लोखंड पडलं की ते फुटते. आवाज झाला तो तू घरी ऐकला असशील, सगळ्या मोहल्ल्यात ऐकू गेला म्हणतात.

पांडुरंगचा हात वरच होता. तो माह्याकडे पाहून राहिला होता. याच्यापुढचं मी लिहू शकत नाई.

नत्थू


१९ डिसेंबर २०१८

प्रिय इंद्रजीत,

तू वाचतो की नाई माहीत नाई. पत्र परत आलं नाई, एवढ्यावर चाललो आहे.

आज एकच गोष्ट लिहितो. रजिस्टरातलं पान मी फाडलं.

त्या दिवशी पोलीस यायच्या आधी मॅनेजर साहेबानं मले केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. माह्या शर्टावर राख होती, तरी त्यानं मले गादीच्या खुर्चीवर बसवलं. आवाज एकदम हळू. "नत्थू, ऊपर कौन था? तू था. हैंडल किसके हाथ में था? तेरे. और यहाँ लिखा है कि क्रेन न चलाई जाए. पढ़ ले." रजिस्टर माह्यापुढं ठेवलं. तुहं अक्षर. ब्रेक फिसल रहा है, क्रेन न चलाई जाए. खाली सही, तारीख, वेळ सात चाळीस. "तेरा भाई बोला मत चढ़, तू चढ़ा. अब जेल कौन जाएगा, मैं कि तू?"

मग त्याले म्हणे फोन करायचा होता. तो बाहेर गेला. रजिस्टर तिथंच उघडं ठेवून गेला.

त्यानं फाड म्हटलं नाई. हे मी नऊ वर्षं स्वतःले सांगून राहिलो होतो की त्यानं फाडायले लावलं. नाई लावलं. मीच फाडलं. हळू फाडलं, शिलाईजवळून, म्हणजे दिसू नये. घडी केली. तो आत आला, घडी माह्या हातातून घेतली, खिशात टाकली आणि म्हणे, "चाय ठंडी हो गई तेरी."

दुसऱ्या दिवशी चौकशीचा कागद आला, त्यावर सही केली. तुहं नाव त्याच्यात त्यांनीच टाइप केलं होतं. मी वाचलं आणि सही केली.

चौदा वर्षं मी त्या आगीवर बसलो, मले कधी घाम फुटला नाई. आणि एक माणूस हळू आवाजात बोलला तर मी पान फाडलं. मले वाटे मी निडर आहे. जी गोष्ट कळत नाई तिचं भेव वाटत नाई, एवढंच होतं ते. जेल काय असते ते मले कळत होतं. आपला बाप रेल्वेत गँगमन होता, एकदा नुसतं साहेबानं चौकशी लावली तर तो आठ दिवस जेवला नव्हता, तू तेव्हा लहान होता.

आणि हेही लिहितो. त्यानंतर मी क्रेनवर कधी चढलो नाई. महिन्याभरानं कामावर गेलो, शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून परत खाली उतरलो. मी साहेबाकडे जाऊन म्हटलं, मले स्टोअरमध्ये टाका. त्यानं टाकलं, काही विचारलं नाई. सात वर्षं मी बोल्ट आणि हातमोजे वाटत बसलो. वर बिलासपूरचा एक नवा माणूस चढला. तुले मी डरपोक म्हटलं होतं.

हे सगळं रविवारी पहिल्यांदा रीनाले सांगतलं. ती मले नवं रायपूर दाखवायले घेऊन गेली होती. एवढाले रस्ते, मैलभर माणूस नाई, फक्त गाड्या झप झप जातात. मागं बसून, तिच्या पाठीशी बोललो, तोंडापुढं जमलं नसतं. तिनं स्कूटी बाजूले घेतली, हेल्मेट काढलं.

"मतलब चाचा ने लिखा था?"

"हव."

"और आजी को पता था?"

"नाई."

ती फुटपाथच्या कडेवर बसली. मग म्हणे, "पापा, मेरी शादी के बाद नहीं बोल सकते?"

मी म्हटलं, तारीख कोर्टानं दिली आहे. तिनं हेल्मेट घातलं, स्कूटी चालू केली. घरी आल्यावर जेवली नाई. काल सकाळी डबा भरताना, माह्याकडे न पाहता, विचारलं, "आठ तारीख को मैं छुट्टी ले लूँ क्या?"

शेवंताले अजून सांगतलं नाई. सांगीन.

नत्थू


९ जानेवारी २०१९

प्रिय इंद्रजीत,

काल साक्ष झाली.

शेवंताले आदल्या दिवशी सांगतलं. तिनं ऐकलं, उठली, तुहा लहानपणचा जो फोटो आम्ही भिंतीवरून काढून ठेवला होता, तो पेटीतून काढला आणि परत खिळ्याले लावला. माह्याशी अजून बोलली नाई. जेवायले वाढते.

कोर्टात रीना होती. प्रेमलावहिनी मागच्या बाकावर होत्या. बिसाहूच्या घरून कोणी नव्हतं, त्याचा बाप गेल्या साली वारला असं सरकारी वकील म्हणे. मॅनेजर साहेब पोराचा हात धरून आला. पार म्हातारा झाला आहे, कानात मशीन आहे. त्याले पाहून मले राग यायले पाहिजे होता. आला नाई.

सरकारी वकिलानं विचारलं, ब्रेक खराब असल्याची कोणी सूचना दिली होती का? मी म्हटलं, "हव. माह्या भावानं, इंद्रजीत मेश्रामनं. तोंडी पण, लेखी पण." वकील कागदात पाहायले लागला, त्याच्या कागदात तसं नव्हतं. मग मी हिंदीत पुन्हा सांगतलं, सगळं. शिडीपाशी काय झालं, मले आधीपासून काय माहीत होतं, पान कोणी फाडलं. कोणी विचारायच्या आधीच सांगतलं, कारण विचारेपर्यंत थांबलो असतो तर राहून गेलं असतं.

जज बाई आहेत, तरुण आहेत. त्यांनी हात वर करून थांबवलं. "आप समझ रहे हैं आप क्या बोल रहे हैं? इसमें आपके ऊपर भी कार्रवाई हो सकती है."

"हव मॅडम."

त्यांचा वकील उठला. तोच, जो माह्या घरी चहा प्यायला होता. "चाचा, नौ साल पहले झूठ बोले थे, कि आज बोल रहे हो?"

"नौ साल पहले."

"तो जो आदमी एक बार झूठ बोल सकता है, वो दूसरी बार क्यों नहीं बोलेगा?"

काय दाखवणार होतो, इंद्रजीत? पान नाई, दुसरा साक्षीदार नाई. गुलाबरावांले बोलावलं होतं, ते आले नाईत. त्या वेळी मागून मॅनेजर साहेबाचा आवाज आला, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा मोठ्यानं, "क्या बोला? क्या बोला वो?" त्याच्या पोरानं वाकून त्याच्या कानात सांगतलं. म्हातारा खाली पाहायले लागला. पोराचा चेहरा पाहिला मी. त्यालेही आजच कळलं असेल.

बाहेर आलो. प्रेमलावहिनी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. मले वाटलं त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्यानं सांगतलं होतं," त्या म्हणाल्या.

"हव."

"आणि मी रोज सकाळी उठून..." पदर तोंडाले लावून बसल्या. रीना त्यांच्याजवळ बसायले गेली, त्यांनी हातानं तिले दूर केलं. मग पिशवीतून दुकानाच्या पावतीचा एक तुकडा काढला, माह्यापुढं धरला.

"त्याचा पत्ता लिहून द्या."

मी लिहून दिला. तुले विचारलं नाई, माफ कर. त्यांनी तो घडी करून ब्लाउजात ठेवला आणि जिना उतरून गेल्या.

निकाल काय लागेल माहीत नाई. वकील लोकं म्हणतात पुरावा नसल्यानं साहेब सुटेल. तसंही असेल.

नत्थू


३ मार्च २०१९

प्रिय इंद्रजीत,

काल प्रेमलावहिनींकडून कळलं की तू येऊन गेला. मागच्या रविवारी. सकाळच्या गाडीनं आला, त्यांच्याकडे तासभर बसला, दुपारच्या गाडीनं परत गेला. स्टेशनवरून भनपुरीले सारखे आटो असतात. तू आला नाई, ते बरोबर केलं. मी असतो तर मीही आलो नसतो. पण त्या दिवशी मी घरीच होतो, दाढी करून राहिलो होतो, एवढं लिहून ठेवतो.

वहिनी म्हणे, तुह्या केसांत पांढरं आलं आहे. मले ते माहीत नव्हतं. म्हणे, तू चहा घेतला, पांडुरंगच्या फोटोपुढं उभा राहिला, आणि त्यांनी माफी मागायच्या आधी तूच मागितली. मले खरं वाटेना. पुन्हा विचारलं, काय म्हणाला? त्या म्हणाल्या, "तो म्हणे, मी भाऊले सांगतलं, पण पांडुरंगभाऊले हात धरून बाजूले नेलं नाई. रागात घरी निघून गेलो. थांबलो असतो तर ते वाचले असते."

नऊ वर्षं तू हे घेऊन फिरून राहिला, इंद्रजीत? मले वाटे तू माह्यावरच्या रागानं येत नाई. तुह्यावर मी टाकलेला डाग होता, तो खोटा होता, तो मी कोर्टात पुसला, आता तुले मोकळं वाटत असेल, असं मले वाटत होतं. आणि तू आतून हे धरून बसला होता.

म्हणून हे पत्र. याच्यात जे आहे ते मी कोर्टात सांगतलं नाई, रीनाले नाई, शेवंताले नाई. मागच्या पत्रात सगळं सांगतलं असं लिहिलं, ते सगळं नव्हतं.

तू गेल्यावर, दुपारी जेवायच्या सुट्टीत, पांडुरंग डबा घेऊन माह्यापाशी आला. सकाळी सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता. आता हसत नव्हता. बसला, डबा उघडलाच नाई. म्हणे, "नत्थू, इंद्रजीत खरं म्हणते का रे? मी आज इशारा द्यायले दुसऱ्याले उभा करू का?"

तुहं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. जेवढं पोचायले पाहिजे तेवढं पोचलं होतं. तू थांबला असता आणि त्याचा हात धरला असता तरी याच्यापेक्षा जास्त काही झालं नसतं. तो स्वतःच बाजूले व्हायले तयार होता.

मी म्हटलं, "काहून भितो? वर मी आहे नं."

तो म्हणे, "हव, ते आहेच." आणि डबा उघडला. माह्या भरवशावर तो तिथं उभा राहिला. तुह्या जाण्यानं नाई.

ही गोष्ट मी एवढी खाली पुरून ठेवली होती की पान फाडलेलं सांगताना मले वाटलं, हेच शेवटचं आहे. तुह्या तोंडचं ऐकलं नसतं तर ही माह्याबरोबरच गेली असती. तू आता ते सोड. तुहं नाई ते. खरं सांगतो, तुहं नाई.

बाकीचं थोडक्यात. कोर्टानं मले नोटीस काढली आहे, बावीस तारखेले हजर व्हायचं आहे. दुर्गवाल्यांनी लग्न दिवाळीनंतर पाहू म्हटलं. मोडलं असं कोणी म्हणत नाई. रीना रोज कामावर जाते, घरी कमी बोलते. शेवंता बोलायले लागली आहे, कामापुरतं.

पांडुरंगचं ते विचारणं प्रेमलावहिनींले अजून माहीत नाई. त्यांच्या मनात आता मी खोटं बोललेला माणूस आहे. आजपासून मी त्यांच्या नवऱ्याले तिथं उभा ठेवणारा माणूस होईन. पण तुहं ते बोलणं त्यांनीही ऐकलं आहे, त्यांलेही खरं कळलं पाहिजे, नाई तर तू स्वतःवर घेतलेला दोष त्या खराच धरतील.

पोस्टाची पेटी तात्यापाऱ्याच्या वाटेवरच आहे. पत्र टाकतो आणि तसाच पुढं त्यांच्याकडे जातो. दुकान अकराले उघडते, त्या पायरीवर असतील.

तुहा
नत्थू